रेडिओवाल्याची खिडकी

"त्यांना हसताना काढू नकोस," आई म्हणाली, आणि चहाचा कप स्टुलावर ठेवून निघून गेली.

त्याचा ब्रश हातातच राहिला. आधी त्याला वाटलं, आई दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे. मग त्याने कॅनव्हासकडे पाहिलं. खोलीची एक अख्खी भिंत त्या कॅनव्हासने अडवली होती. त्याच्यासाठी पलंग बाहेरच्या खोलीत गेला होता आणि बायकोचं त्यावरून पुष्कळ ऐकवून झालं होतं. खाली ढगांची सपाट, करडी पसरण, वर दोन इंजिनांचं टपालाचं विमान, डावीकडे जरा कललेलं, पंखाच्या कडेवर सकाळचं ऊन. पुढे काचेमागे दोन वैमानिक, नुसत्या आकृत्या. त्यांच्या मागे विमानाच्या पोटाला एक चौकोनी खिडकी होती, आणि त्या खिडकीत अंगठ्याएवढा चेहरा होता, कानांवर हेडफोन लावलेला, बाहेर पाहणारा. चेहऱ्याचे ओठ त्याने काल संध्याकाळी काढले होते. बारीक ब्रशने त्यांची दोन टोकं जराशी वर उचलली होती. हसू म्हणण्याइतकंही ते नव्हतं. उंचावर गेलेल्या माणसाला आपोआप बरं वाटतं, तेवढंच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला नको ते सगळं दिसायला लागलं आहे, असं बायको म्हणायची, दारामागच्या जाळ्यांवरून. पण इतकं बारीक दिसत असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आणि त्याहून नवल म्हणजे आईने चित्राकडे पाहिलं होतं. इतक्या वर्षांत तिने त्याच्या एकाही चित्राकडे पाहून एक शब्द काढलेला त्याला आठवत नव्हता.

घरात विमानं सगळीकडे होती. बाहेरच्या खोलीत छताला टांगलेली लाकडी, कपाटाच्या काचेमागे पत्र्याची, जिन्याच्या वळणावर जुन्या प्रॉपेलरचं एक पातं, त्याने भंगारवाल्याशी अख्खी दुपार घासाघीस करून आणलेलं. "ह्या घरात माणसं भाडेकरू आहेत," बायको पाहुण्यांना सांगायची. तो दिवसभर पाणीपुरवठा खात्यात नळांचे आराखडे काढायचा आणि संध्याकाळी घरी येऊन विमानं काढायचा, दोन्ही सारख्याच काटेकोर रेषेत. कुठल्या विमानाची शेपूट कुठल्या साली बदलली, कुठल्या कंपनीने पोटाखाली निळा पट्टा मारला आणि मग तो का पुसला, हे विचारायला लोक त्याला फोन करत. शहरातल्या विमानांच्या संग्रहालयाच्या लांब ओवरीत त्याची चित्रं लागलेली होती. आणि आई रोज सकाळी ओल्या फडक्याने त्या सगळ्या विमानांवरची धूळ पुसायची. पंख, शेपूट, चाकं. तोंड मिटून, जशी ती भांडी पुसायची तशी. हे कुठलं रे, असं तिने कधी विचारलं नाही. त्याने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. ज्या बाईचा नवरा विमानासकट गेला, तिला विमान नकोसं वाटणारच, असं त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि एकदा ठरवल्यावर त्या गोष्टीकडे पुन्हा वळून पाहिलं नव्हतं.

वडील टपालाच्या विमानावर रेडिओवाले होते. बिनतारी यंत्रापाशी बसून खालच्या तळांशी बोलायचं, हवामान विचारायचं, आपण कुठे आहोत ते कळवायचं. एका सकाळी ते विमान ढगात शिरलं आणि बाहेर आलं नाही. महिनाभर शोध चालला, मग थांबला. तो तेव्हा शाळेत नुकताच जायला लागला होता. त्या विमानाच्या वाटेवरच्या मोठ्या तलावात एका ठिकाणी जाळी फाटतात, तिथे कोळी होड्या नेत नाहीत, एवढं लोकांना माहीत होतं, पण तिथे खाली काय आहे हे पाहायला कुणी उतरलं नव्हतं. मग यंदा पाऊस दगा देऊन गेला, तलाव कधी नव्हे इतका आटला, आणि चिखलातून एक शेपूट वर आली. संग्रहालयाच्या ट्रकमधून तोही तिथे गेला होता. काठावरूनच त्याने ती शेपूट ओळखली. त्या घडणीची शेपूट त्याने शेकडो वेळा काढली होती, डोळे मिटून काढली असती. अंगावरचे आकडे पाण्याने अर्धे खाल्ले होते. उरलेले पुरेसे होते. आत माणसांचं काहीच उरलं नव्हतं. रेडिओवाल्याच्या खुर्चीचा लोखंडी सांगाडा मात्र जागच्या जागी होता, तळाला बोल्टांनी घट्ट धरलेला. त्या संध्याकाळी त्याने आईला सांगितलं तेव्हा ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "बरं," ती म्हणाली, आणि हातातल्या चादरीची टोकं जुळवत राहिली.

संग्रहालयाने विमान आहे तसंच ठेवायचं ठरवलं, चेपलेलं, चिखलाच्या पुटांसकट, आणि मागच्या भिंतीवर तेच विमान धडधाकट, उडतं असलेलं दाखवायचं. चित्र त्याच्याशिवाय दुसरं कोण काढणार, असं प्रमुखबाई म्हणाल्या. त्यालाही तसंच वाटलं होतं. आयुष्यभर आपण ह्याच एका चित्राची तयारी करत होतो, असं त्याला कॅनव्हास ताणताना वाटलं होतं.

आता कप गार होत होता. हसताना काढू नकोस. ते हसायचे नाहीत, की तिला ते हसलेले नको आहेत? त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला. त्या दिवशी पुढे काम झालंच नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत तो एका उतारावरच्या पाइपाची रेघ ओढत होता, आणि रेघ ओढता ओढता त्याला धावपट्टीचा वास आला. तापलेलं रबर, तेल, गवत. हा वास त्याच्याकडे फार जुना होता. दुसरं काही नसलं तरी हा असायचा. वडिलांनी त्याला एकदा तळावर नेलं होतं. उचलून विमानात चढवलं, रेडिओच्या खुर्चीत बसवलं, त्याच्या डोक्याला मोठे होणारे हेडफोन त्याच्या कानांवर हाताने धरून ठेवले. आत समुद्रासारखी खरखर होती. खिडकीतून पंख दिसत होता, आणि पंखावर जिवंत किड्यांसारख्या ओळीने बसलेल्या, पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटी. वडील काही बोलत नव्हते. त्यांचा हात त्याच्या हातावर होता आणि तो हात ओला होता, गार आणि ओला. हा ओला हात त्याने आयुष्यभर बरोबर वागवला होता. वडिलांना किती आनंद झाला होता आपल्याला तिथे बसवताना, हात घामेजेपर्यंत आनंद, असं तो स्वतःला सांगत आला होता. एकदा संग्रहालयाच्या एका भाषणातही त्याने हे सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. रेघ पाइपाच्या बाहेर गेली. त्याने खोडरबर घेतलं. रेघ गेली तरी तो त्याच जागी खोडत राहिला.

सुटीच्या दुपारी बायको बहिणीकडे गेली होती. आई गॅलरीत उशीच्या अभ्र्याला टीप घालत बसली होती. तो तिच्यासमोर पायरीवर बसला.

"आई, बाबा विमानात हसायचे नाहीत का?"

तिने दोरा दाताने तोडला. "तू एवढा विचार करत बसशील माहीत असतं तर बोलले नसते."

"पण आता बोललीस ना."

तिने अभ्रा उलटा करून टीप तपासली. "त्यांना भीती वाटायची," ती म्हणाली. "नुसती अशी नाही. ज्या दिवशी उडायची पाळी असेल त्या दिवशी पहाटेपासून ओकाऱ्या व्हायच्या. मी पाठ चोळायची. मग तोंड धुवायचे, गणवेश चढवायचे, आणि जायचे. तू झोपलेला असायचास."

"मग ते ह्या कामात आले कसे?"

"रेडिओ शिकले होते. यंत्रापाशी एका खोलीत शांत बसायचं, टकटक ऐकायची, लिहून घ्यायची, असं त्यांना वाटलं होतं. स्वभावच तसा. गर्दीत सुद्धा जायचे नाहीत. त्या लोकांनी उचलून विमानात बसवलं. खालची, तळावरची जागा मिळावी म्हणून मागे लागले होते. आज होईल, उद्या होईल." तिने सुई अभ्र्यात टोचून ठेवली. "झाली नाही."

खालून एक सायकल घंटी वाजवत गेली. त्याला एकदम राग आला, आणि कुणावर ते कळेना.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तू बोलणं बंद केलं होतंस. आठवतं का तुला? ते गेले त्यानंतर. कुणी काही विचारलं तर नुसता बघायचास. जेवण तोंडात धरून ठेवायचास. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. किती द्यायचा? आणि मग एक दिवस तू कोळशाने भिंतीवर विमान काढलंस, आणि मला हाक मारलीस. म्हणालास, आई, हा पंख बरोबर आहे का? कित्येक महिन्यांनी पहिलं बोललास ते हे." तिने डोळे पुसले नाहीत, तिचा आवाजही बदलला नाही. "मी म्हटलं, बरोबर आहे. मग काय करणार होते मी? भिंतीला चुना लावला नाही त्या वर्षी. तू आणखी काढत गेलास. बाबा असे उडायचे, बाबा तसे उडायचे. उडू दे म्हटलं. पोरगं जेवतंय, बोलतंय. मला विमान डोळ्यासमोर नको व्हायचं. पण तुझ्या डोळ्यांपेक्षा माझे डोळे मोठे होते का?"

तो उठून आत गेला. बाहेरच्या खोलीत छताखाली सगळी विमानं स्तब्ध टांगलेली होती आणि एकाही पंखावर धूळ नव्हती. आपण हे सगळं वडिलांसाठी जमवलं, असं तो समजत होता. ह्या विमानांत बसून वडील कुठे कुठे जात, ढगांच्या वर, हसत. तो माणूस त्याने स्वतःच बनवला होता. लाकडाची विमानं बनवली तसाच, तासून, रंगवून. आणि खरा माणूस पहाटे मोरीत ओणवा झालेला होता, आणि त्याची पाठ एक बाई चोळत होती, आणि नंतर तीच बाई त्या खोट्या माणसाच्या विमानांवरची धूळ रोज पुसत राहिली. त्याला बसावंसं वाटेना, उभं राहवेना. मग हा छंद कुणाचा? रिव्हेटींची ओळ पाहून आजही त्याचा श्वास जरा थांबतो, तो कुणाचा श्वास? वडिलांकडून आला म्हणावं तर तिकडे काहीच नव्हतं. त्याला एखाद्या घरात वर्षानुवर्षं राहून, ते घर आपल्या नावावर नाही हे कळल्यासारखं झालं.

तो चालत संग्रहालयात गेला. तिथल्या मोठ्या शेडच्या टोकाला, दोरीच्या आत, विमान पोटावर पडलेलं होतं. डावा पंख मुळापासून दुमडलेला. प्रॉपेलरची पाती केळीच्या पानांसारखी मागे वळलेली. पत्र्यावर चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तो रेडिओवाल्याच्या खिडकीसमोर जाऊन उभा राहिला. काच गेली होती. आतून खुर्चीचा सांगाडा दिसत होता, आणि सांगाड्याच्या पुढे टेबलाची कड. ती कड इतकी जवळ होती की तिथे बसलेल्या माणसाला बाहेर पाहायचं तर मान मुद्दाम वळवावी लागली असती. हे त्याला माहीत होतं. त्याच्याकडे मापं होती. तरी त्याने वडिलांना बाहेर पाहायला लावलं होतं.

"चित्र कुठवर आलं?" मागून प्रमुखबाई म्हणाल्या. त्या नेहमी चपळ चालत, हातात किल्ल्यांचा जुडगा. "उद्घाटनाला मंत्रीसाहेब येतायत म्हणे. तुमच्या आईंना पुढच्या रांगेत बसवू."

"खिडकीतला चेहरा बदलतोय," तो म्हणाला. "ते खाली पाहत असतील. यंत्राकडे."

"अहो, असं नका करू. कच्च्या चित्रातला तो चेहरा मला फार आवडला होता. माणसं आधी हे मोडलेलं बघणार, मग मान वर करून तुमचं चित्र बघणार. तिथे त्यांना जरा... उभारी नको का?"

"त्यांना भीती वाटायची उडायची."

प्रमुखबाईंनी किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "तुमचे वडील आहेत," शेवटी त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही ठरवा."

घरी येऊन त्याने तो चेहरा चिंधीने पुसून टाकला. ओठ, गाल, बाहेर पाहणारे डोळे. खिडकीत करडा डाग उरला. त्याने पुन्हा मान काढली, खाली घातलेली, आणि तो थांबला. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्या विमानाचा बोल्टन्‌बोल्ट माहीत होता, आणि ह्या माणसाचा खालचा ओठ कसा होता ते माहीत नव्हतं. घरात वडिलांचे फोटो होते, पण फोटोत माणूस फोटोसाठी बसतो.

"आई," त्याने हाक मारली. "जरा इकडे येतेस?"

ती दारात उभी राहिली. मग आत आली. त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि ती कॅनव्हाससमोर बसली, पदर गुडघ्यांवर गोळा करून, दवाखान्यात बसतात तशी.

"मला सांग," तो म्हणाला. "पहाटे ते गणवेश घालून निघायचे तेव्हा कसे दिसायचे?"

"मान अजून खाली," ती म्हणाली. त्याने काढली. "इतकी नाही. मान ताठच असायची, डोळे खाली. हां. जबडा असा." तिने आपला जबडा आवळून दाखवला, आणि क्षणभर तिच्या म्हाताऱ्या चेहऱ्यात एक तरुण पुरुष येऊन गेला. "खालचा ओठ दाताखाली. डाव्या बाजूने. नेहमी डाव्याच. तिथे कायमची खूण झाली होती." ब्रशचे चार केस, त्यांच्या टोकाला रंगाचा ठिपका. "कान मोठे होते. तुझ्यासारखे. ते त्या यंत्रात दडलेले दिसतील का? नाही ना? मग जाऊ दे." बायको मधे डोकावली, दोघांना पाहून काहीतरी चेष्टेचं बोलायला तोंड उघडलं, आणि न बोलताच दार ओढून घेतलं. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. आई सांगत होती आणि त्याला कळत होतं की ती आता चेहऱ्याबद्दलच सांगत नाही. ते चप्पल घालताना भिंतीला हात लावायचे. झोपलेल्या मुलाच्या केसांना नाक लावायचे. परत आले की आधी पाणी मागायचे, आणि मग त्या दिवशी खूप बोलायचे, खूप हसायचे. "हसायचे तेव्हा हसायचे," ती म्हणाली. "खाली आले की." तिच्या आवाजात, इतक्या वर्षांत त्याने कधी न ऐकलेला, लाडिक म्हणावा असा काहीसा ओलावा होता, आणि तो ऐकून त्याला लाजल्यासारखं झालं.

त्याने ब्रश खाली घेतला. आई पुढे वाकली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी तिने त्या अंगठ्याएवढ्या चेहऱ्याकडे खूप वेळ पाहिलं.

"हे तेच," ती म्हणाली. मग म्हणाली, "किती तरुण होते रे." आणि मग, इतका वेळ कोरडी राहिलेली ती, पदर तोंडाला लावून रडली. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. तिच्या पाठीवर त्याने हात ठेवला. काही वेळाने त्याला जाणवलं की आपण ती पाठ चोळतो आहोत.

चित्र लागलं. उद्घाटनाला आई गेली नाही. "मंत्र्यांसमोर मला कशाला मांडता," म्हणाली. प्रमुखबाई खिडकीतल्या चेहऱ्याखाली बराच वेळ उभ्या होत्या असं त्याने दुरून पाहिलं. जाताना त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. भाषणं झाली. धाडस, झेप, क्षितिज हे शब्द झाले. आपणही हेच शब्द किती सहज वापरायचो, असं त्याच्या मनात आलं. त्याला कुणाचाच राग आला नाही. नुसता फार थकवा आला.

मग एका साध्या दिवशी, गर्दी नसताना, आई स्वतःहून म्हणाली, "चल, दाखव मला." रिक्षातून उतरल्यावर तिने त्याच्या दंडाचा आधार घेतला. शेडमध्ये एक शाळा येऊन गेली होती, आवाज अजून छपराखाली घुमत होता. तिने चित्राकडे एकदाच पाहिलं. मग ती दोरीपाशी जाऊन त्या मोडलेल्या विमानाकडे पाहत उभी राहिली. तो थोडा मागे थांबला. तिला आता काय होईल, पाणी आणावं का, बाकावर बसवावं का, असे विचार त्याच्या डोक्यात चालले होते. आणि त्याच वेळी, त्याला लाज वाटली तरी, त्याची नजर पंखाच्या मुळाशी गेली, जिथे दुमडल्यामुळे आतली कमान उघडी पडली होती. ती इतकी नाजूक, इतकी हुशारीने वाकवलेली होती की त्याचा श्वास नेहमीसारखा जरासा थांबला. वडिलांना ह्यातलं काही आवडलं नसतं. आईला आवडत नव्हतं. हे फक्त त्याला आवडत होतं. एवढ्या सगळ्यानंतरही आवडत होतं. हे त्याने कुणाकडून घेतलं नव्हतं आणि कुणाला परतही करता येणार नव्हतं.

आईने वळून त्याला पाहिलं. तो कुठे पाहतो आहे ते पाहिलं.

"काय आहे तिथे?" तिने विचारलं.

"काही नाही. कमान आहे. पंखाची."

"सांग की मग. सगळ्या जगाला सांगतोस."

त्याने तोंड उघडलं, आणि एरवी तासन्‌तास बोलणाऱ्या त्याला सुरुवात कुठून करावी ते कळेना. घसा साफ करून तो म्हणाला, "पंख पोकळ असतो, आई. लोकांना वाटतं भरीव असेल. आतून अशा कमानी असतात, एकीमागे एक, आणि वरून पातळ पत्रा. म्हणून हलका राहतो. म्हणून..." तो भरभर बोलायला लागला होता, हात हवेत पंखाचा आकार काढत होते. दोन अनोळखी माणसं ऐकायला थांबली.

"हळू," आई म्हणाली, आणि दोरीजवळच्या बाकावर बसली. "हळू सांग. मला काहीच माहीत नाही ह्यातलं."

तो तिच्या शेजारी बसला आणि शेपटीपासून सांगू लागला.